एका विद्यापीठाचं एकच नाव

सर्ल, प्यू, पॅकार्ड. अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाच्या कानावर ही नावं पहिल्या काही आठवड्यांतच पडतात. पहिलं घराणं औषधांच्या धंद्यातलं, दुसरं तेलाच्या, तिसरं इलेक्ट्रॉनिक्सच्या. या घराण्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून तरुण शास्त्रज्ञांना तीन ते पाच वर्षं पुरेल असं अनुदान मिळतं आणि नव्या प्रयोगशाळेचा पहिला अवघड टप्पा पार पडतो. पण या अनुदानांसाठी आपणहून अर्ज करता येत नाही. फाउंडेशन विद्यापीठाला कळवतं की तुमच्याकडून एक नाव द्या, कुठे दोन द्या. मग इच्छुकांची आधी विद्यापीठातल्या विद्यापीठात चढाओढ होते आणि तीत टिकलेला एकजण बाहेरच्या स्पर्धेत उतरतो. विद्यापीठातली माणसं या आतल्या फेरीला नुसतं ‘इंटर्नल’ म्हणतात.

मी मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात बरीच वर्षं शिकवते आहे आणि या फेरीच्या समितीवर अनेकदा बसले आहे. गेल्या चार-साडेचार दशकांत फाउंडेशनांचा कारभार पुष्कळ उघडा झाला. नियम, परीक्षकांची नावं, मागच्या मानकऱ्यांच्या याद्या, सगळं आता कुणालाही पाहता येतं. विद्यापीठातली फेरी मात्र बंद दाराआडच राहिली, आणि बहुतेकांचा निकाल लागतो तो तिथेच. हा मागोवा मुख्यतः त्या दाराचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फाउंडेशनची माणसं शास्त्रज्ञांना स्वतः शोधत फिरायची. रॉकफेलर फाउंडेशनच्या नैसर्गिक विज्ञान विभागाचे संचालक वॉरन वीव्हर १९३२ पासून प्रयोगशाळा हिंडत, शास्त्रज्ञांशी बोलत आणि परतल्यावर टिपणं लिहून ठेवत. जीवशास्त्रात भौतिकशास्त्राची साधनं आणणाऱ्या लोकांवर त्यांनी फाउंडेशनचा पैसा लावला, त्यातून रेण्वीय जीवशास्त्र उभं राहिलं, आणि त्या शाखेचं नावसुद्धा त्यांनीच १९३८ साली रूढ केलं. एका माणसाच्या नजरेवर इतकं सोपवणं धोक्याचं होतंच. वीव्हर यांची नजर चांगली होती, म्हणून ते निभावलं. युद्धानंतर सरकारी पैसा आला, १९५० साली नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झालं, आणि कुणीही अर्ज करावा, त्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी तो वाचावा, ही रीत बसली. १९५५ साली जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांच्या फाउंडेशनने तरुण शास्त्रज्ञांसाठी फेलोशिप सुरू केली. रिचर्ड फाइनमन आणि मरे गेल-मान हे तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांपैकी. तिथे नाव सुचवायचं ते विभागप्रमुखाने.

मग १९६९ चा करकायदा आला. खासगी फाउंडेशनांवर त्याने बरीच बंधनं घातली. दरवर्षी ठरावीक रक्कम वाटलीच पाहिजे, हे त्यातलं एक. आज ते प्रमाण मालमत्तेच्या पाच टक्के आहे. दुसरं बंधन आपल्या विषयाच्या जास्त जवळचं. फाउंडेशनला एखाद्या व्यक्तीच्या हातात अभ्यासासाठी थेट पैसे द्यायचे असतील, तर निवडीची पद्धत वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित आहे, हे करखात्याकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं. विद्यापीठाला अनुदान देणं त्यामानाने सोपं. पैसा संस्थेच्या खात्यात जमा होणार असेल तर नावही संस्थेनेच द्यावं, ही सोय सगळ्यांच्या अंगवळणी पडायला मग वेळ लागला नाही.

सर्ल स्कॉलर्सची योजना १९८० साली सुरू झाली. प्यू बायोमेडिकल स्कॉलर्स १९८५ साली, पॅकार्ड फेलोशिप १९८८ साली. आठ वर्षांत तीन मोठ्या योजना उभ्या राहिल्या आणि तिन्ही अगदी कोवळ्या प्राध्यापकांसाठी. याला कारण होतं. राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, म्हणजे एनआयएचचं, पहिलं स्वतंत्र अनुदान मिळण्याचं सरासरी वय १९८० च्या सुमारास छत्तिशीत होतं. पुढे ते वाढत वाढत चाळिशीपार गेलं. परीक्षकांना आधीचे निष्कर्ष दाखवावे लागतात, आणि निष्कर्ष मिळवायला आधी पैसा लागतो. नव्या माणसाची इथेच कोंडी होते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या डेव्हिड पॅकार्ड यांना विद्यापीठातल्या संशोधनाचं मोल चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या फाउंडेशनने ठरवलं की नेमणुकीच्या पहिल्या तीन वर्षांतल्या माणसाला पाच वर्षांचा पैसा द्यायचा, तो कसा खर्च करायचा हे त्याच्यावर सोडायचं आणि अहवालांचा ससेमिरा लावायचा नाही. आज ही रक्कम पावणेनऊ लाख डॉलर आहे. पन्नासेक निवडक विद्यापीठांच्या अध्यक्षांना पत्र जातं, प्रत्येकाने दोन नावं द्यायची, आणि आलेल्या सुमारे शंभर नावांतून वीसच्या आसपास फेलो निवडले जातात.

हा हिशेब नीट पाहायला हवा. बाहेरच्या फेरीत पाचात एकाला यश मिळतं. सरकारी अनुदानासाठी धडपडणाऱ्याला हे प्रमाण हेवा वाटण्यासारखं वाटेल. पण प्रत्येक विद्यापीठात त्या दोन जागांसाठी किती जण रांगेत होते, हे या आकड्यात कुठेच येत नाही. फाउंडेशनकडे कर्मचारी मोजके, परीक्षक दहा-बारा. हजारभर अर्ज वाचायचं काम त्यांनी विद्यापीठांकडे सोपवलं आणि विद्यापीठांनी ते बिनबोभाट अंगावर घेतलं. सर्लला वर्षाला पंधरा जण निवडायचे असतात, प्यूला वीस-बावीस. दार सताड उघडलं तर त्यांचं कामच अडेल, हा त्यांचा युक्तिवाद आजही खोडून काढणं सोपं नाही.

शिवाय या पद्धतीतून जे उभं राहिलं ते थोडंथोडकं नाही. फ्रान्सिस आर्नल्ड यांना १९८९ साली पॅकार्ड फेलोशिप मिळाली, तेव्हा त्या कॅलटेकमध्ये नवख्या होत्या. विकरांमध्ये यादृच्छिक बदल घडवायचे, त्यांतले उपयोगी तेवढे निवडायचे आणि पुन्हा बदल घडवायचे, असा त्यांचा मार्ग होता. हे शास्त्रच नव्हे, असं म्हणणारे रसायनज्ञ तेव्हा पुष्कळ होते. २०१८ साली याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, आणि पुढे पॅकार्डच्या सल्लागार मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. १९९६ च्या तुकडीत जेनिफर डाउडना आणि आंद्रेआ गेझ दोघीही होत्या. डाउडना तेव्हा येलमध्ये आरएनएची रचना उलगडत होत्या. गेझ लॉस एंजेलिसला होत्या आणि आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा पाठपुरावा करायचा म्हणत होत्या. दुर्बिणीचा वेळ मागणारा त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. ती दुर्बीण हवाईतल्या मौना केआवरची केक. तीसुद्धा तेलाच्या पैशातून उभी राहिलेली; सुपीरियर ऑइलचे संस्थापक विल्यम केक यांच्या फाउंडेशनने तिला १९८५ साली सात कोटी डॉलर दिले होते. डाउडना आणि गेझ यांना २०२० साली एकाच आठवड्यात नोबेल जाहीर झालं, एकीला रसायनशास्त्राचं, दुसरीला भौतिकशास्त्राचं. प्यूच्या यादीत रॉडरिक मॅकिनन, क्रेग मेलो, कॅरल ग्रायडर, डेव्हिड ज्युलियस आहेत. कुणीतरी या प्रत्येकाचं नाव त्यांच्या विद्यापीठातून पुढे केलं होतं, आणि त्या कुणातरीची पारख खरी होती. ते श्रेय द्यायलाच हवं.

तरी समितीच्या खोलीत बसल्यावर मनात दुसरेच प्रश्न येतात.

आमच्याकडे ही बैठक वसंत सत्राच्या अखेरीला होते. फाउंडेशनची तारीख सप्टेंबरची असली तरी आतली मे-जूनमध्येच उलटून जाते. प्रत्येक अर्जदाराची दोन पानं, संक्षिप्त परिचय, प्रकाशनांची यादी आणि विभागप्रमुखाचं पत्र एवढा ऐवज समोर असतो. टेबलाभोवती एक रसायनज्ञ, एक चेताशास्त्रज्ञ, एक खगोलज्ञ, एखादा अभियंता. एकमेकांच्या क्षेत्रातलं काम पहिल्या वाचनात पूर्ण कळणं शक्य नसतं. म्हणून पहिली दहा मिनिटं फार चांगली जातात. ‘हे मला समजावून सांगा,’ असं जो तो विचारतो, आणि ज्येष्ठ माणसं कनिष्ठांचं काम मनापासून वाचून आलेली असतात. एरवी सबंध वर्षात असं कधी घडत नाही. नंतर कुणीतरी म्हणतं, ‘उत्तम आहे, पण निवडून येईल का?’ तिथून चर्चा वळते. मागच्या पाच वर्षांच्या मानकऱ्यांची यादी उघडली जाते. कुणाचा शोधनिबंध कुठल्या नियतकालिकात आला, पोस्टडॉकचा मार्गदर्शक कोण, परीक्षकांत त्याला ओळखणारं कुणी आहे का, हे बोललं जातं. ज्याची कल्पना सगळ्यांत धाडसी, त्याचं नाव याच टप्प्यावर मागे पडतं, कारण विद्यापीठाला आपलं एकुलतं एक नाव वाया घालवायचं नसतं. फाउंडेशनने पैसा ठेवला धाडसासाठी, आणि एकाच नावाच्या अटीमुळे विद्यापीठ पाठवतं ते खात्रीचं माणूस. या पद्धतीवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

यात भर पडते पात्रतेच्या मुदतीची. नेमणुकीनंतरची तीन-चार वर्षंच खिडकी उघडी असते. मग ‘याचं शेवटचं वर्ष आहे, याला पाठवू, तिचं पुढच्या वर्षी बघू’ असं ठरतं. ऐकायला न्याय्य वाटतं. पुढच्या वर्षी विभागात हार्वर्डहून कुणी नवा येतो, त्याच्या मागे मोठी नावं असतात, आणि तिचा नंबर पुन्हा मागे जातो. तिला याचं कारण कुणी सांगत नाही. ‘यंदा आपलं नामांकन होऊ शकलं नाही, स्पर्धा अतिशय चुरशीची होती,’ एवढं दोन ओळींचं ईमेल जातं. बाहेरच्या सरकारी अर्जाला नकार आला तर निदान परीक्षकांचे शेरे हाती येतात, त्यांवरून पुढचा अर्ज सुधारता येतो. घरच्या नकारासोबत काहीच येत नाही.

काहींना तर नकारसुद्धा मिळत नाही, कारण अशी फेरी असते हेच त्यांना कळलेलं नसतं. महाराष्ट्रातून इथे आलेल्या मुलामुलींत हे मी बरंच पाहिलं आहे. पुण्यात किंवा मुंबईत एमएस्सी, मग पीएचडी, पोस्टडॉक, आणि एच-वन-बी व्हिसावर पहिली नोकरी. अशा माणसाला ही फाउंडेशनं फार मोलाची असतात. नागरिकत्वाची किंवा ग्रीनकार्डाची अट त्यांच्यातल्या अनेकांकडे नसते. बेकमनसारख्या काही ठिकाणी असते. पण विद्यापीठाचं परिपत्रक विभागप्रमुखाकडे जातं, तो ते ज्यांची नावं त्याच्या मनात आहेत त्यांना पुढे पाठवतो. आपण होऊन विचारावं हे आपल्याकडच्या संस्कारात बसत नाही. काम बोलेल अशी समजूत असते. एका मराठी तरुणीने मला तिच्या चौथ्या वर्षी विचारलं, ‘ताई, पॅकार्डसाठी कधी अर्ज करायचा?’ तिची मुदत त्याच्या आदल्याच वर्षी संपली होती.

आणखी एक अडथळा असतो, त्याबद्दल तर प्राध्यापकांतही फारसं बोललं जात नाही. मोठ्या फाउंडेशनांशी कुणी बोलायचं हे विद्यापीठाचं देणगी कार्यालय ठरवतं. एखाद्या फाउंडेशनकडे इमारतीसाठी मोठी देणगी मागायचा विचार चालू असेल, तर ‘यंदा तिकडे अर्ज नको’ असा निरोप येतो. केकसारख्या फाउंडेशनशी तर विद्यापीठाच्या नेमलेल्या माणसामार्फतच बोलावं लागतं. विद्यापीठाच्या बाजूने पाहिलं तर यात तथ्य आहे. ज्याची तीन वर्षं निघून चालली आहेत त्याला ते कसं पटावं?

आतली ही चढाओढ पुढे आणखी वाढली, त्याला कारण सरकारी पैशाचं. एनआयएचचं अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या काळात दुप्पट झालं. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसं नेमली, आणि मग वाढ थांबली. २०१३ पर्यंत तिथे यशाचं प्रमाण पाचात एकाच्याही खाली आलं होतं. फाउंडेशनच्या जागा मात्र तेवढ्याच राहिल्या आणि घरातली गर्दी वाढत गेली.

एनआयएचचं अंदाजपत्रक दुप्पट होत आलं त्याच सुमाराला निवडीच्या पद्धतीकडे लोक चिकित्सेने पाहू लागले. २००३ साली एका अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेमणुकांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्रियांबद्दलची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत कष्टाळूपणाचं कौतुक अधिक होतं. २००४ साली एनआयएचने धाडसी संशोधनासाठी पायोनियर पुरस्कार सुरू केले. दुसऱ्यांनी नावं सुचवण्याची त्यात मुभा होती. पहिले नऊ मानकरी निघाले ते सगळे पुरुष. त्यावर बराच गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ज्याने त्याने स्वतः अर्ज करायचा असं ठरलं आणि निवडीतही सुधारणा झाल्या. २००५ च्या तेरा मानकऱ्यांत सहा स्त्रिया होत्या. एका वर्षात देशातल्या कर्तबगार शास्त्रज्ञ स्त्रिया काही वाढल्या नव्हत्या.

२००७ साली हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने मोठं पाऊल उचललं. तोवर तिथेही संस्थांनीच नावं द्यायची असत. ती अट काढून शास्त्रज्ञांना थेट अर्ज करायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी हजारावर अर्जांतून छप्पन्न जण निवडले. २००८ मध्ये गेट्स फाउंडेशनने आणखी पुढची पायरी गाठली. दोन पानांचा अर्ज, आधीच्या निष्कर्षांची सक्ती नाही, जगातून कुणीही करावा. पहिल्या फेरीत चार हजारांच्या आसपास अर्ज आले आणि एक लाख डॉलरची १०४ अनुदानं दिली गेली. भारतात त्याच वर्षी वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून इंडिया अलायन्स काढली. तिथेही अर्ज शास्त्रज्ञाने स्वतः करायचा. संस्थेने फक्त जागा आणि सोयी देण्याची हमी द्यायची. पुण्याच्या आयसरसारख्या तेव्हा नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थेतल्या तरुणांना, मागे जुन्या नावाचा आधार नसताना, याचा फार उपयोग झाला. ज्येष्ठांच्या मर्जीची आपल्या विद्यापीठांत जी परंपरा आहे ती पाहता, भारतात ‘एका संस्थेचं एकच नाव’ ही अट आली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

तेव्हा मला वाटलं होतं की जुनी पद्धत आता मागे पडेल. तसं झालं नाही. हॉवर्ड ह्यूजकडे माणूसबळ आणि पैसा दोन्ही अफाट. लहान फाउंडेशनांना ते झेपणारं नव्हतं. सर्ल, प्यू, पॅकार्ड आपल्या जागी राहिले. २०१६ साली मूर फाउंडेशनने मूरच्या नियमाच्या पन्नाशीनिमित्त संशोधक-शोधकांसाठी नवी फेलोशिप काढली, वर्षाला पाच जणांना, आणि नावं पुन्हा विद्यापीठांकडूनच मागवली. स्लोनने आज प्रत्येक विभागाला तीन नावांपर्यंत मुभा दिली आहे, त्याने घरातला ताण थोडा सैल होतो.

२०२५ ने सगळंच हलवलं. फेब्रुवारीत एनआयएचने ओव्हरहेड, म्हणजे अनुदानावर विद्यापीठाला मिळणारा व्यवस्थापनाचा खर्च, सरसकट १५ टक्क्यांवर आणायचा आदेश काढला. मोठ्या विद्यापीठांना तो पन्नास टक्क्यांहून अधिक मिळत असे. न्यायालयाने आदेश अडवला, पण दरम्यान शेकडो चालू अनुदानं मध्येच तोडली गेली. फाउंडेशनं पूर्वीपासूनच ओव्हरहेड अगदी कमी देतात, काही तर मुळीच देत नाहीत, म्हणून विद्यापीठांच्या हिशेबनिसांना ती फारशी आवडत नसत. आता त्याच कार्यालयांतून प्राध्यापकांना विचारणा होते की अमुक फाउंडेशनला अर्ज का केला नाही. आमच्या समितीपुढे यंदा आलेल्या कागदांत मी असे अर्ज वाचले की कुठल्याही शांत वर्षी ते सरकारी अनुदानाने सहज पुढे गेले असते. जागा एकच होती.

त्या बैठकीत आम्ही एक ठराव मांडला: ज्यांचं नाव जाणार नाही त्या प्रत्येकाला समितीने चार ओळींत लेखी कारण द्यावं आणि अर्जात काय सुधारता येईल ते सांगावं. प्रशासनाला वादाची आणि तक्रारींची धास्ती वाटते, म्हणून निर्णय पुढे ढकलला गेला. हिवाळ्याच्या बैठकीत तो पुन्हा येईल, मी त्याच्या बाजूने बोलेन. सोबत दुसराही ठराव देणार आहे: सगळ्या फाउंडेशनांच्या आतल्या तारखा आणि पात्रतेच्या मुदती, प्रत्येक नव्या प्राध्यापकाला रुजू होण्याच्या दिवशीच, थेट त्याच्या किंवा तिच्या नावे लेखी दिल्या जाव्यात.